अज्ञात इसम

“उकिरडा कुठे आहे?” इंगवले साहेबांनी विचारलं.

ते उकिरड्यावरच उभे होते. म्हणजे आदल्या दिवशीपर्यंत जिथे उकिरडा होता, तिथे. आता तिथे शेणाचा सडा होता, सड्यावर ठिपक्यांची रांगोळी होती आणि रांगोळीतल्या मधल्या कमळावर साहेबांचा डावा बूट होता. मागच्या भिंतीला आंब्याचं डहाळं बांधलेलं होतं. आळीतल्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून ओळीने उभ्या होत्या आणि त्यांच्या पुढे माझी बायको कुमुद हातात तबक घेऊन उभी होती. तबकात पेढे होते.

मी साहेबांना नगरपालिकेतून स्कूटरवर बसवून आणलं होतं. वाटेत त्यांना घाणीचं असं काही वर्णन ऐकवलं होतं की त्यांनी खिशातून रुमाल काढून हाताशी ठेवला होता. तो रुमाल आता त्यांनी घडी करून परत खिशात घातला.

“इथेच होता,” मी म्हणालो. “काल संध्याकाळी मी स्वतः पाहिलाय.”

“देवळे सर, तुमचा अर्ज मी दोनदा वाचला,” साहेब म्हणाले. पोरसवदा माणूस, नवीन नोकरी, बोलणं अगदी नम्र. त्यांनी फाइल उघडली. “‘सदर ठिकाणी कचऱ्याचे डोंगर साचले असून दुर्गंधीने नागरिकांचे जगणे असह्य झाले आहे. अज्ञात इसम पहाटे सव्वापाच ते साडेपाचच्या दरम्यान येऊन कचरा टाकतात व पसार होतात.’ वेळसुद्धा दिलीत तुम्ही. इतका तपशील कुणी देत नाही.”

“अर्ज लिहावा तर सरांनीच,” दिनू गिरणीवाला मागून अभिमानाने म्हणाला.

“पण डोंगर कुठे आहेत?”

कुमुदने तबक पुढे केलं. “साहेब येणार म्हणून आम्ही सगळ्या जणी पहाटेपासून राबतोय. तीन हातगाड्या कचरा निघाला. पाहुणा यायचा आणि आळीच्या तोंडाशी घाण, बरं दिसतं का ते?”

मी कपाळाला हात लावला. साहेबांनी पेढा घेतला, फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, “छान आहे हो तुमची आळी.”

ही पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या साली आमच्या नगरपालिकेने एक योजना काढली होती. आपापल्या वस्तीत पर्यावरण सुधारण्याचं एखादं छोटं काम लोकांनीच सुचवायचं, साहेब येऊन जागा बघणार, पटलं तर पालिका खर्च करणार. कासार आळीतर्फे अर्ज मी लिहिला. मी हायस्कुलात मराठी शिकवायचो, आणि विजेच्या बिलाच्या तक्रारीपासून सोयरीक मोडल्याच्या पत्रापर्यंत आळीचं सगळं लेखन माझ्याकडे असायचं. या अर्जात मी उकिरड्याच्या जागी दोन बाकं, एक चाफा आणि फुलझाडांचा वाफा मागितला होता.

पण हे सगळं ज्यांच्यासाठी चाललं होतं त्या गोदाकाकूंना यातलं काहीच नको होतं.

“मास्तर, बाक नको मला, चाफाही नको,” अर्जावर सही करताना त्या म्हणाल्या होत्या. “माझी खिडकी उघडता आली पाहिजे. तेवढं बघा.”

उकिरडा बरोब्बर गोदाकाकूंच्या खिडकीखाली होता. त्यांचे यजमान म्हणजे तारू पोस्टमन, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. एकतीस वर्षं त्यांनी गावात टपाल वाटलं. कुणाचा मुलगा कुठे नोकरीला आहे, कुणाची सून माहेरी गेलीय, हे त्या त्या घराच्या आधी अण्णांना कळायचं. निवृत्तीनंतर वर्षभरातच त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, यांना खिडकीत बसवा, येणारी-जाणारी माणसं दिसू देत, चार शब्द कानावर पडले तर वाचा परत येईलही. पण खिडकी उघडली की माश्या आणि वास आत. अर्ज लिहिला तेव्हा सात वर्षं खिडकीची झडप बंद होती आणि अण्णा बंद झडपेकडे तोंड करून खुर्चीत बसत. झडपेच्या एका फळीत बोटभर फट होती. काकू तिथे चिंधी कोंबायच्या आणि अण्णा डाव्या हाताने ती काढून टाकायचे, असं दिवसभर चालायचं.

मी त्यांच्याकडे जवळजवळ रोज डोकवायचो. “अण्णा कसे आहेत?” असं विचारायचो. “आहेत तसेच,” काकू म्हणायच्या.

साहेब गेल्यावर मी बायकांवर चिडलो. कुमुद म्हणाली, “मग काय घाण दाखवायची होती त्यांना?”

“हो! घाणच दाखवायची होती! घाणीसाठीच आले होते ते!”

“आम्हाला नाही जमायचं,” ती म्हणाली, आणि तबक घेऊन घरात गेली.

त्या गडबडीत एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. गोदाकाकूंची झडप सताड उघडी होती. गजांमागे अण्णा धुतलेला सदरा घालून बसले होते आणि बायकांच्या त्या ओळीकडे एकेक करून बघत होते. जणू घर नंबर तपासत होते.

दुसऱ्याच दिवशी मी पालिकेत गेलो आणि इंगवले साहेबांचे अक्षरशः पाय धरायचे बाकी ठेवले. त्यांनी कॅलेंडर बघितलं. “यादी शुक्रवारी बंद होतेय. मी गुरुवारी सकाळी आठला पुन्हा येतो. पण सर, एक विनंती आहे. जागा जशी असते तशीच ठेवा.”

“डोंगर असेल साहेब,” मी म्हणालो. “शब्द देतो.”

त्या रात्री जेवणं झाल्यावर मारुतीच्या पारावर आळीची बैठक झाली. मी समजावून सांगितलं की फक्त एक दिवस उकिरडा परत हवाय. बुधवारी संध्याकाळी प्रत्येक घराने आपापला कचरा नेमाने तिथे टाकायचा, गुरुवारी साहेबांनी बघायचा, मग कायमची सुटका. सगळ्यांनी माना डोलावल्या. गोदाकाकूंनी मात्र मान डोलावली नाही.

“काल अण्णांनी दूधवाल्याला हाक मारली,” त्या शेवटी म्हणाल्या. “नीट नाही, पण ‘दूध’ म्हणाले. सात वर्षांनी पहिला शब्द. आणि तुम्ही म्हणताय झडप लावा.”

“एकच दिवस, काकू. एक दिवस कळ सोसा. नाहीतर महिनाभरात पुन्हा सगळं होतं तसं होणार. लोकांची सवय तुम्हाला माहीत नाही.”

“ती मला चांगली माहीत आहे,” काकू म्हणाल्या. “बरं. एक दिवस.”

तो आठवडा माझ्या फार कटकटीचा गेला. पहाटे फिरायला जायची माझी जुनी सवय. एरवी मी आळीच्या तोंडापर्यंत जाऊन परत यायचो. त्या आठवड्यात मात्र मी पार नदीच्या पुलापर्यंत जाऊ लागलो. कुमुद म्हणाली, तब्येतीला चांगलंच आहे. तिच्या बोलण्यात कुजकेपणा होता, पण मी तिकडे दुर्लक्ष केलं.

बुधवारी शाळेत तोंडी परीक्षा होती, मी घरी उशिरा आलो आणि झोपून गेलो. गुरुवारी सकाळी सात वाजता बघतो तो कोपरा चकचकीत. एक केळीचं सालसुद्धा नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी दिनूच्या गिरणीवर गेलो.

“दिनू, काय रे हे? ठरलं काय होतं आपलं?”

“मी गेलो होतो हो सर,” दिनू म्हणाला. त्याच्या भुवयांवर पीठ होतं. “पाटी भरून घेऊन गेलो होतो.”

“मग?”

“अण्णा बघत होते.”

“मग काय झालं? बघू देत की!”

“तसं नाही सर. ते बघतात ना, तेव्हा...” दिनूने हात झटकले. “मी त्यांना म्हणालो, काय अण्णा, बरंय ना? आणि पाटी घेऊन परत आलो. माझ्या मागून सावंतांची सून आली, तीही परत गेली. ती तर बादली घेऊन मारुतीला प्रदक्षिणा घालून गेली.”

आता सव्वासात झाले होते. घरोघर विचारलं तर कचरा शिल्लक नाही. लाजेने का होईना, सगळ्यांनी तो रात्रीच परसात खड्डा करून पुरून टाकला होता. अख्ख्या कासार आळीत मला एक घमेलं कचरा मिळेना. हा दिवस आयुष्यात येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

“खालच्या आळीत भरपूर आहे,” दिनू म्हणाला.

आम्ही त्याची हातगाडी घेऊन खालच्या आळीत गेलो. तिथले म्होरके पाध्ये दात घासत ओट्यावर उभे होते. मी त्यांना अडचण सांगितली. त्यांनी शांतपणे चूळ भरली.

“नाही जमायचं,” ते म्हणाले.

“अहो, कचराच मागतोय! सोनं नाही मागत!”

“देवळे सर, आमचाही अर्ज आहे. आमची पाहणी आज दुपारी चारला आहे. तुम्हाला कचरा देऊन आम्ही काय दाखवायचं?”

मग बरीच रदबदली झाली. शेवटी पाध्ये पाच घमेली द्यायला तयार झाले, पण परतीच्या बोलीवर. “दोन वाजायच्या आत जसाच्या तसा आणून टाकायचा. आणि आमचा ओला आहे. तुमचा सुका परत आणून दिलात तर चालणार नाही.”

पावणेआठ वाजता आम्ही उसन्या कचऱ्याची हातगाडी घेऊन कोपऱ्यावर आलो. गोदाकाकूंनी शब्द पाळला होता, झडप बंद होती. आळीतली माणसं दारात उभी राहून बघत होती, पण पुढे कुणी येईना. मी दिनूला खूण केली. त्याने घमेलं भरलं आणि माझ्या हातात दिलं.

“तू टाक की,” मी म्हणालो.

“अर्जदार तुम्ही. मान तुमचा.”

इलाज नव्हता. मी घमेलं उचललं. बायकांनी रोज नव्याने घातलेली रांगोळी पायाखाली होती, तिच्यावर पाय पडू नये म्हणून मी तिरका उभा राहिलो, घमेलं खांद्याइतकं वर नेलं, आणि तेवढ्यात माझ्या कानाशी कड्या वाजल्या. झडप उघडली.

आत अण्णा होते. डाव्या हाताने त्यांनी झडप लोटली होती आणि त्यांचं तोंड माझ्यापासून दोन हातांवर होतं. ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. सही घ्यायला आलेला पोस्टमन ज्या सवयीने बघतो तसे ते बघत होते. त्यांचे ओठ हलले. शब्द बाहेर यायला वेळ लागला, पण आला तो स्पष्ट आला. सगळ्या आळीला ऐकू गेला.

“मास्तर,” अण्णा म्हणाले, “आजपण?”

मी घमेलं धरून तसाच उभा राहिलो.

आता सांगून टाकतो. घंटागाडी सकाळी दहाला येते आणि हमरस्त्यावर थांबते. तिच्यामागे बादली घेऊन उभं राहायला मला लाज वाटायची, विद्यार्थी येत-जात असतात. म्हणून पहाटे सव्वापाचला मी पिशवी घेऊन फिरायला निघायचो. कोपऱ्यावर पिशवी टाकायचो आणि पुढे होऊन मोकळ्या हवेत चार श्वास घ्यायचो. सात वर्षं हे चाललं होतं. दुसरेही टाकत असत, पण त्यांची वेळ मला माहीत नव्हती. अर्जात मी माझीच वेळ लिहिली होती, लिहिताना ते माझ्या लक्षातही आलं नाही. आणि झडपेच्या त्या बोटभर फटीतून, रोज पहाटे, एकतीस वर्षं गावाच्या चाली ओळखण्यात घालवलेला माणूस माझ्याकडे बघत होता. त्याला फक्त ते सांगता येत नव्हतं.

मागे मोटरसायकल थांबली. इंगवले साहेब आठच्या ठोक्याला हजर झाले होते. त्यांनी चकचकीत कोपरा पाहिला, हातगाडी पाहिली, माझ्या खांद्यावरचं घमेलं पाहिलं. घमेल्यातून माझ्या सदऱ्यावर काहीतरी ठिबकत होतं.

त्यांनी फाइल उघडली. “सर,” ते अतिशय नम्रपणे म्हणाले, “अर्जातले ते अज्ञात इसम...”

“मीच,” मी म्हणालो.

“वेळ इतकी बिनचूक कशी, तेच मला कळत नव्हतं.”

दिनू हसला. मग सावंतांची सून हसली, आणि मग अख्खी आळी इतकी हसली की पलीकडच्या वाण्याने दुकानातून डोकं बाहेर काढलं. कुमुद सगळ्यांत जास्त हसत होती, कारण पिशवी भरून तीच देत असे. फक्त गोदाकाकू हसल्या नाहीत. त्या दारातून बाहेर आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“रोज विचारायचात, मास्तर,” त्या म्हणाल्या. “अण्णा कसे आहेत, म्हणून. रोज.”

मी घमेलं खाली ठेवलं. इतकी शरम मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही वाटलेली नाही.

काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. मग त्या वळल्या आणि खिडकीकडे बघितलं. “पण ऐकलंत का तुम्ही?” त्या म्हणाल्या. “दोन शब्द बोलले. दोन! मास्तर म्हणाले, आणि आजपण म्हणाले!” आणि त्या तिथेच, रांगोळीशेजारी, पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

इंगवले साहेबांनी मोजपट्टी न काढताच फाइल बंद केली. चहा मात्र घेतला, अण्णांच्या खिडकीशी उभं राहून. कचरा आम्ही साडेनऊलाच परत नेला. पाध्यांनी तो निरखून घेतला आणि सव्वाचार घमेलीच आहे म्हणून कुरकुर केली. दुपारची त्यांची पाहणी उत्तम झाली. दोन बाकं आणि चाफा खालच्या आळीला मिळाला, त्यात आमच्या हातगाडीचाही थोडा वाटा आहे असं दिनू अजून सांगतो.

आमचं उत्तर पंधरा दिवसांनी टपालाने आलं. मी शाळेतून येत होतो. कोपऱ्यावर पोचलो तर खिडकीतून हाक आली.

“मास्तर. टपाल.”

नवा पोस्टमन आळीचं टपाल आताशा अण्णांकडेच ठेवून जात असे. त्यांनी लिफाफा डाव्या हाताने गजांतून बाहेर काढला, नाव एकदा डोळ्यांजवळ नेऊन तपासलं आणि मग माझ्या हातात दिला. मी तिथेच फोडला. “उपरोक्त जागेची दोन वेळा पाहणी केली असता सदर जागा स्वच्छ व नीटनेटकी आढळून आली. सबब आपला प्रस्ताव अमान्य करण्यात येत आहे.” खाली सही आणि गोल शिक्का.

“नाही म्हणाले, काकू,” मी म्हणालो. “खिडकीपुरतं तरी काही करता आलं असतं, पण...”

“वाचा परत,” काकू म्हणाल्या.

मी परत वाचलं. त्यांनी ‘स्वच्छ व नीटनेटकी’ तिसऱ्यांदा वाचायला लावलं आणि मग पत्रच माझ्या हातातून काढून घेतलं. दिनूने ते काचेत बसवून आणलं. खिडकीशेजारी भिंतीवर खिळा ठोकून लावलं. इथे कचरा टाकू नये असं पालिकेने यापूर्वी तीनदा रंगवून लिहिलं होतं, तिन्ही वेळा पाटीखालीच ढीग साचला होता. पण जागा स्वच्छ आहे असं शिक्क्यानिशी लिहून दिलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. नवखी माणसं हातात कचरा घेऊन यायची, थांबून पत्र वाचायची, शेजारच्या खिडकीतल्या अण्णांकडे बघायची आणि कचऱ्यासकट परत जायची.

अण्णा त्यानंतर सहा वर्षं त्या खिडकीत बसले. शेवटी शेवटी त्यांना पन्नासेक शब्द बोलता येत असत, आणि त्यातले निम्मे माणसांची नावं होती. त्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवसापासून मी दहाच्या घंटागाडीला कचरा द्यायला लागलो, शाळेत उशीर होतो म्हणून मुख्याध्यापकांची बोलणीही खाल्ली. पिशवी घेऊन खिडकीवरून जाताना मी ती वर धरून दाखवायचो आणि म्हणायचो, “गाडीला देतोय, अण्णा.” ते मान हलवायचे.

आता अण्णा नाहीत. गोदाकाकू मुलीकडे राहतात, घर भाड्याने दिलंय, भाडेकरू खिडकी उघडी ठेवतात. काचेतलं पत्र पिवळं पडलंय, शिक्का पुसट झालाय. मी निवृत्त झालो त्यालाही पाच वर्षं झाली. तरी रोज दहा वाजता कोपऱ्यावर पोचलो की माझा हात आपोआप वर जातो, आणि मी पिशवी त्या रिकाम्या खिडकीला दाखवून मगच पुढे जातो.